गंगावनाचा रंग

गेल्या भाद्रपदात गौरी जेवायच्या दिवशी माहेरच्या माजघरात पाने मांडली जात होती. घावन-घाटल्याचे पातेले घेऊन मी वाकले, तेव्हा आत्याने माझ्या अंबाड्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "अगो, केस रंगवतेसच, तर काळे तरी रंगव. हा कसला पिंगट रंग?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आत्याने ऐंशी ओलांडली आहे, ती मनात येईल ते सरळ बोलते, आणि तिच्या दृष्टीने प्रश्नही सरळच होता. बाई केस रंगवते ती पांढरे झाकायला. पांढरे व्हायच्या आधी केस काळे असतात. तेव्हा रंगही काळाच हवा. तपकिरी रंग लावायचा तो मुंबईच्या मुलींनी, हौस म्हणून. भोवतीच्या दोघीतिघी हसल्या, मी पुढच्या पानाकडे वळले, आणि पंगत उठेपर्यंत सगळ्या जणी ते विसरूनही गेल्या. मी विसरले नाही. विसर्जन झाले, चाकरमानी परतले, भातकापणी आटोपली, तरी भांग पाडायला आरशासमोर उभी राहिले की तो प्रश्न पुन्हा समोर येई, आणि पंगतीत वाढता वाढता देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नसे.

माझे केस मुळातच काळे नव्हते. आमच्या किनारपट्टीवर घारे डोळे आणि पिंगट केस पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बरीच घरे आहेत आणि आमचे घर त्यांतलेच. सावलीत माझी वेणी गडद दिसे, पण खळ्यातले ऊन अंगावर आले की तिचा रंग सोललेल्या सुपारीसारखा उजळे. आज कुणी त्याचे कौतुक करील. माझ्या लहानपणी ते कुणी केले नाही. "आई तेल लावत नाही का गो तुझी?" असे देवळात, दुकानात, एस.टी.त अनोळखी बायका विचारीत, आणि त्यामागे एक खरे कारणही होते. कसाचे अन्न पोटभर न मिळालेल्या मुलांचे केस खरोखरच विटके, तांबूस होतात, आणि तशी मुले तेव्हा वाडीवाडीत दिसत. पिंगट केस म्हणजे आबाळ, हे लोकांच्या मनात त्यामुळे घट्ट बसलेले होते. आजीला ही गोष्ट फार लागे. पावसाळ्यात परसात माका माजला की ती तो उपटून आणी, मुळांची माती धुऊन पाट्यावर वाटी, त्यात जास्वंदीची पाने घाली आणि घाण्यावरून आणलेल्या खोबरेलात मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत उकळी. फडक्यातून गाळलेले ते तेल हिरवट काळे असे. शनिवारी रात्री ते माझ्या टाळूवर थापले जाई, रविवारी शिकेकाईने न्हाऊ घातले जाई, आणि मग आजी माझी ओली बट उजेडात धरून म्हणे, "जरा काळवंडलेत."

ते खरे नव्हते. ओले आणि तेल प्यालेले केस काही वेळ गडद दिसतात, एवढेच. केसाचा रंग ठरतो तो टाळूच्या आत, मुळाशी. तिथल्या रंगपेशी वाढत्या केसात मेलॅनिन भरत असतात. काळसर-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन ही त्याची दोन रूपे, आणि ती कुणाच्या केसात किती असावीत हे जन्मतःच आलेले असते. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला कितीही माका चोळला तरी आतला रंग बदलत नाही. आजीला हे सांगणारे कुणी नव्हते, आणि सांगितले असते तरी तिने तेल सोडले नसते.

तिच्या त्या आग्रहाच्या मागे काय होते ते मला फार उशिरा कळले. आजीची सासू, म्हणजे माझी पणजी, विशीत विधवा झाली होती. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा पणजी लाल आलवण नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून माजघरात वावरत असे, आणि ठरल्या दिवशी न्हावी मागील दारी येई. आमच्या गावापासून दापोली तालुक्यातले मुरूड फारसे लांब नाही. त्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले होते. त्याच्याही तीन वर्षे आधी, १८९० साली, मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवायचे ठरवले, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा ऊर भरून आला, आणि पाठोपाठ पणजी आठवली, कारण तो ठराव आमच्या मागील दारापर्यंत पोहोचला नव्हता. स्वतःच्या डोक्यावर केस ठेवण्याची मुभा नसलेल्या या बाईने नव्या सुनेच्या केसांची सगळी निगा मात्र आपल्याकडे घेतली. माक्याचे तेल मूळचे तिचे. "सासूबाई माझे केस विंचरायला बसल्या की उठायच्याच नाहीत," असे आजी सांगे, आणि सांगताना तिचा हात आपोआप माझ्या वेणीवरून फिरे. म्हणजे माझ्या टाळूवर थापले जाणारे ते तेल पणजीच्या हातून आजीच्या हाती आले होते. त्या तेलाचा वास आजही कुठे आला तर मला एकाच वेळी तिथे थांबावेसेही वाटते आणि जीवही गुदमरतो. आमच्या घरात बाईने केस ठेवावेत की नाही, ठेवले तर कसे, आणि ते कुणाला दिसू द्यावेत, यांतले काहीही तिने स्वतः ठरवल्याचे उदाहरण त्या काळापर्यंत नव्हते.

ते पहिले उदाहरण माझ्या आईचे.

आई गुहागरकडची. तिचेही केस पिंगट, आणि माझ्याहून दाट. लग्नानंतर आजीने तिच्यावरही माक्याचा उपाय सुरू करायचे म्हटले, तेव्हा आई म्हणाली, "माझ्या आईकडून आलेत, आहेत तसेच राहू देत." सासूसमोर मान वर करून बोलायची पद्धत नसलेल्या त्या घरात हे वाक्य किती मोठे होते, ते आज माझ्या मुलीला समजावून सांगावे लागते. आई साधे खोबरेल लावी, अंबाडा घाली आणि सणावाराला त्यावर अबोलीचा वळेसर माळी. पिंगट केसांवर अबोलीचा रंग काळ्या केसांवर उठतो तितका उठत नाही, पण दोन्ही एकमेकांत शांतपणे मिसळतात आणि मला ते अधिक सुंदर वाटे. विंचरताना गळलेले केस ती फेकत नसे. बोटाभोवती गुंडाळून त्यांची वेटोळी कोनाड्यातल्या डब्यात टाकी. कित्येक वर्षांचे केस साठल्यावर तिने त्यांचे गंगावन, म्हणजे अंबाड्यात घालायचा केसांचा झुपका, करून घेतले. पुढे अंबाडे गेले, गंगावने गेली, आईचे केसही हळूहळू पूर्ण पांढरे झाले. पण ते गंगावन तिच्या ट्रंकेत, मलमलच्या तुकड्यात गुंडाळून, वाळ्याच्या मुळ्यांसोबत राहिले. उजेड न लागल्यामुळे त्याचा रंग जराही उडालेला नाही. आईच्या तिशीतला तो रंग आज आमच्या घरात फक्त तेवढ्या हातभर लांबीत शिल्लक आहे.

माझे पांढरे केस चाळिशीच्या आधीच कानशिलांवर दिसू लागले. केस पांढरा होतो म्हणजे त्याला काही लागते असे नाही. मुळाशी रंग भरणाऱ्या पेशींचा पुरवठा आटतो आणि नवा केस रंगाविनाच वर येतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांवरच्या अभ्यासात असे दाखवले की या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या मूळपेशी वय वाढले की टाळूच्या आत एकाच जागी अडकून पडतात आणि रंगपेशी होण्याची त्यांची पुढची वाटचाल थांबते. साठा असतो, पण तो जागचा हलत नाही. हे वाचून मला बरे वाटले की वाईट, ते नीट सांगता येणार नाही. काळ्या डोक्यात पांढरा केस लखलखीत उठून दिसतो. पिंगट डोक्यात तो आधी लपून राहतो, उन्हात चमकणाऱ्या केसांपैकीच एक वाटतो, आणि मग एका उन्हाळ्यात भांगाच्या दोन्ही बाजूंना एकदम नजरेत येतो.

आधी मेंदीच लावली. आमच्याकडे सगळ्या बायका तिथूनच सुरुवात करतात. लोखंडी कढईत चहाचे घट्ट पाणी, चिमूटभर कात, वर लिंबू, रात्रभर झाकण. काळ्या केसांत मेंदी फक्त एक लालसर झाक देते, पण पांढऱ्या केसावर दुसरा कोणताच रंग नसल्याने तिचा स्वतःचा रंग जसाच्या तसा उमटतो, आणि तो नारिंगी असतो. माझ्या पिंगट केसांत त्या नारिंगी रेघा पांढऱ्यांपेक्षाही आधी दिसत. मेंदीनंतर निळीच्या पाल्याची पूड लावली की नारिंगीवर निळा चढून छान तपकिरी होतो, आणि तो रंग मला खरोखर आवडला. सुटीच्या दिवसांत निवांत वेळ असला तर मी अजूनही तसे करते. पण नीळ कालवली की लगेच लावावी लागते, दोन्ही लेप आणि दोन्ही न्हाणी मिळून दिवस सरतो, आणि आमच्या पावसाळ्यात, जिथे पंचासुद्धा तीन दिवस वाळत नाही, तिथे पाल्याचे ओले डोके घेऊन बसले की सर्दी ठरलेली.

याच काळात शेजारच्या काकूंनी लग्नसराईत काळ्या मेंदीची पुडी आणली. मेंदीचा पाला काळा रंग देत नाही. त्यातले लॉसोन हे द्रव्य फक्त नारिंगी-तांबडा रंग देते, आणि पुडीतून जो झटपट काळा रंग निघतो तो बहुधा पॅराफिनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, या रसायनाचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते आणि कपाळाच्या कडेने, कानामागे पाण्याचे फोड उठले होते. घरचे लग्न असून त्यांना मांडवात जाता आले नाही. त्याआधी त्यांनी अशा पुड्या अनेकदा लावल्या होत्या आणि काही झाले नव्हते. ही अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षे सोसल्यानंतरही एखाद्या दिवशी उद्भवते आणि एकदा उद्भवली की बहुतेकांना जन्मभर राहते. मी जो तपकिरी रंग वापरते त्यातही हे द्रव्य किंवा त्याचे भावंड असतेच, गडद रंगांपेक्षा सहसा कमी प्रमाणात. म्हणून नवे खोके उघडले की कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावून मी ४८ तास थांबते, आणि ज्या ज्या बाईला माझ्याकडून या रंगाची माहिती हवी असते तिला सर्वांत आधी हेच सांगते. हे रंग आजचे नाहीत. १९०७ साली पॅरिसमध्ये युजेन श्युलेर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने केसांसाठी असा रासायनिक रंग तयार केला आणि दोन वर्षांनी कंपनी काढली. पुढे लोरिआल म्हणून जगभर पोहोचलेल्या त्या कंपनीच्या पहिल्या नावात ‘निरुपद्रवी केशरंग’ असे शब्द होते. ते शब्द नावातच घालावे लागले, यावरून तेव्हाच्या बायकांच्या मनात कोणती भीती असेल ते कळते. ती भीती रास्त होती आणि आजही रास्त आहे.

रंग निवडायला मी दापोलीच्या बाजारात गेले तेव्हा दुकानातल्या मुलाने माझे वय पाहून न विचारताच काळ्याचे खोके पुढे केले. तपकिरी हवा म्हटल्यावर त्याने बटांचा पुठ्ठा उघडला. नायलॉनच्या त्या चकचकीत बटा ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्याच दिसत होत्या. पुढच्या खेपेला मी आईचे गंगावन रुमालात गुंडाळून नेले, पुठ्ठा मागून घेतला आणि दुकानाच्या पायरीवर, उन्हात उभी राहून एकेका बटेशेजारी गंगावन धरून पाहिले. सर्वसाधारणपणे १ आकडा काळ्याचा, ३ गडद तपकिरीचा, ४ मध्यम आणि ५ फिक्या तपकिरीचा. टिंबानंतर येणारा आकडा त्यातली सोनेरी, तांबूस, लाल अशी झाक सांगतो. या झाकेचे रंग पुठ्ठ्यावर मोहक दिसतात, पण पांढऱ्या केसाला स्वतःचे काहीच नसल्याने त्याच्यावर ते भडक उमटतात, म्हणून पांढरे जास्त असतील तर साधा, बिनझाकेचा आकडा तरी त्यात मिसळावा लागतो. ४ गंगावनापेक्षा गडद होता, ५ फिका. मी दोन्ही घेतले. दुकानातला मुलगा आता कुतूहलाने बाहेर आला होता; त्याने गंगावन आधी कधी पाहिले नव्हते. त्याने ते हातात घेऊ का विचारले, दोन्ही तळव्यांवर घेतले आणि म्हणाला, "ह्याच्यात एकच रंग नाहीये, काकू." बरोबर होते त्याचे. जवळून पाहिले तर त्यात जवळजवळ काळे केस होते, मधाच्या रंगाचे होते, आणि मधूनच एखादा तांब्याच्या तारेचा तुकडा वाटावा असा. नळीतून निघणारा रंग हे करू शकत नाही. तो सगळ्या केसांना एकाच पातळीवर आणतो. माझ्या डोक्यात जे अजून रंगीत आहेत त्यांच्यामुळेच ती विविधता थोडीफार टिकते, म्हणून मी रंग फक्त मुळांशी आणि पांढऱ्यांना लावते, टोकांपर्यंत ओढत नाही. ओढला तर दर महिन्याला टोकांवर थर चढत जातो आणि केस मरगळलेले, गडद दिसू लागतात.

काळा न लावण्याचे एक व्यवहारी कारणही आहे. काळा एकदा केसात बसला की त्याच्यावर तपकिरी लावून तो उजळत नाही. परतायचे म्हटले तर वर्ष-दीड वर्ष केस वाढवून कापत राहावे लागते.

रंगवायला मी माहेरी, आईकडे जाते. दापोलीच्या फ्लॅटमधल्या पांढऱ्या फरशीवर रंगाचा एक थेंब पडला तर डाग महिनाभर घासत बसावे लागते. माहेरच्या मागील दारी जांभ्याची पायरी आहे, जांभ्याची न्हाणी आहे, आणि जांभ्यावर कसलाही डाग दिसत नाही. शिवाय तिथे विहीर आहे. फ्लॅटमध्ये बोअरवेलचे पाणी येते आणि आमच्या जांभ्याच्या मुलखातल्या त्या पाण्यात लोह इतके असते की पांढरी बादली आतून तांबडी होते. विहिरीच्या पाण्याने धुतलेला रंग जास्त स्वच्छ उतरतो. सकाळी उन्हे माडांच्या झावळ्यांतून न्हाणीपर्यंत आली की मी काचेच्या वाडग्यात दोन्ही नळ्या पिळते आणि विकासक, म्हणजे रंग खुलवणारे खोक्यातले द्रावण, ओतते. रंगाच्या नळीतला अमोनिया केसाच्या बाहेरच्या खवल्या फुगवून उघडतो, विकासकातला हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरलेल्या रंगहीन, बारीक कणांचा रंग खुलवतो आणि ते कण एकमेकांना जोडून इतके मोठे होतात की आले त्या वाटेने परत जाऊ शकत नाहीत. हे सगळे केसाच्या आत घडते आणि दिसत नाही. पण वाडग्यात मात्र ते डोळ्यांसमोर घडताना पाहता येते. कालवताना मिश्रण सायीच्या रंगाचे असते. मग वाडग्याच्या काठाला जिथे ते पातळ लागले आहे तिथे आधी एक पिवळट कड उमटते, ती तांबूस होते, हळूहळू आत सरकते, आणि पाहता पाहता सगळ्यावर तपकिरी साय धरते. ब्रशाने ढवळले की खालून पुन्हा फिका रंग वर येतो. अमोनियाचा झोंबरा वास आणि चुलीतल्या नारळाच्या सोडणांचा धूर एकत्र नाकात जातो, डोळ्यांना पाणी येते, आणि तरीही मला ती वेळ आवडते.

कपाळाच्या कडेला आणि कानांच्या पाळ्यांना खोबरेल लावून घ्यायचे, म्हणजे कातडीवर रंग चढत नाही. केसांना मात्र त्या दिवशी तेलाचा हात नको. सुरुवात कानशिलांपासून. तिथले पांढरे केस राठ आणि हट्टी असतात, रंग उशिरा घेतात, म्हणून त्यांना सर्वांत जास्त वेळ द्यायचा. जुन्या दात घासायच्या ब्रशाने ते एकेक दाबून बसवावे लागतात. मग भांग, मग माथा. मागची बाजू वहिनी लावून देते. ती माझ्याहून लहान, केस काळेभोर, आणि या कामात तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. कंगव्याच्या टोकाने ती एकेक पदर उचलते आणि तेवढ्या वेळात आमच्या ज्या गप्पा होतात त्या घरात इतर कुठे होत नाहीत, कारण दोघींची तोंडे एकाच दिशेला असतात आणि कुणाला कुणाचा चेहरा दिसत नसतो. अर्धा तास थांबायचे. वैशाखात या अर्ध्या तासात घाम कपाळावरून रंग घेऊन खाली येतो, पावसाळ्यात दमट हवेमुळे वाळण्याचा प्रश्नच येत नाही. सर्वांत चांगले दिवस दिवाळीनंतरचे. मग पाणी स्वच्छ उतरेपर्यंत तांब्यावर तांब्या. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून चौथ्या आठवड्यात भांगात पुन्हा पांढरी रेघ येतेच. खारा वारा आणि किनाऱ्यावरचे ऊन मिळून रंग त्याहूनही लवकर तांबूस पाडतात.

एकदा हे सगळे थांबले होते. २०२० सालच्या मार्चमध्ये दुकाने बंद झाली, आणि जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. आगरात माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब जमीनदोस्त झाले आणि कित्येक आठवडे गाव अंधारात होते. पंप बंद, म्हणून विहिरीचे पाणी हातांनी शेंदावे लागे. मी तेव्हा माहेरीच अडकले होते. त्या दिवसांत कुणाचे कुणाच्या केसांकडे लक्ष नव्हते. आमची पन्नास-साठ वर्षांची उभी झाडे पडली होती आणि ती तोडून वाट मोकळी करण्यात सगळ्यांचे दिवस जात होते. वीज आली त्या संध्याकाळी माजघरातल्या आरशात मी स्वतःला पाहिले. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटे पांढरे होते आणि खाली जुना तपकिरी. मला ते वाईट दिसले नाही. उलट चेहऱ्यावर एक मोकळेपणा आला होता आणि क्षणभर वाटले की आता असेच राहू द्यावे. नंतर फोनवर मुलगीही तेच म्हणाली. तिच्या ओळखीच्या बऱ्याच जणींनी त्या टाळेबंदीत रंग सोडला आणि पुन्हा लावला नाही. त्यांचे मला खरोखर कौतुक वाटते. मी मात्र दुकाने उघडल्यावर पुन्हा तीच दोन खोकी आणली.

असे का केले, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. तो आत्याच्या प्रश्नाने करायला लावला. तरुण दिसावे असे वाटत नाही, असे मी म्हणणार नाही. वाटते. वडिलांचे केस पांढरे झाले तेव्हा गावात त्यांचा शब्द अधिक मानला जाऊ लागला, आणि मी पांढरे केस घेऊन शाळेत गेले तेव्हा मला निवृत्ती कधी असे विचारले गेले, हेही मला विसरता येत नाही. पण तेवढेच असते तर काळा रंग अधिक सोयीचा होता आणि आत्याचे म्हणणे बरोबर होते. खरी गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या केसांत मी आईसारखीच दिसते, आजच्या आईसारखी, जिला जिना चढताना हात धरावा लागतो आणि जी कधीकधी वहिनीला माझ्या नावाने हाक मारते. तपकिरी केसांत मी त्या आईसारखी दिसते जिने या माजघरात उभे राहून सासूला सांगितले होते की माझे केस आहेत तसेच राहू देत. मला दोघीही हव्या आहेत, पण माझ्या डोक्यावर मला ती दुसरी हवी आहे, आणखी काही वर्षे तरी. ज्या रंगासाठी माझ्यावर इतके तेल ओतले गेले, जो रंग माझ्या घरातल्या एका बाईने पहिल्यांदा स्वतःचा म्हणून राखला, तो पांढरा झाला म्हणून त्याच्या जागी काळा भरणे मला जमणार नाही. हे सगळे आत्याला पंगतीत सांगता आले नसते.

आईला मात्र मागच्या महिन्यात सांगितले. रंग धुऊन, केस मोकळे सोडून मी पायरीवर बसले होते आणि ती पडवीतून काठी टेकत आली, माझ्यामागे बसली. तिने ट्रंकेतले गंगावन मागवले. एका हातात माझी बट आणि एका हातात ते, अशी ती बराच वेळ उन्हात आलटूनपालटून पाहत राहिली, आणि मी बोलायची थांबल्यावर म्हणाली, "माझे एवढे गडद नव्हते गो. तू तो चारनंबरी जास्त घालतेस." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. गेल्या काही महिन्यांत पांढरे वाढले म्हणून ते नीट झाकले जावेत यासाठी मी ४ नंबर दोन भाग आणि ५ एक भाग घेत होते. येत्या वेळी दोन्ही समसमान घेणार आहे, आणि कानशिलांना पाच मिनिटे आणखी देणार आहे.